टॉमी नटर यांची कारकीर्द: नजर एकाची, कात्री दुसऱ्याची

कोल्हापूरच्या एका तरुणाने विचारले आहे की, त्याच्या वडिलांचे पुरुषांचे कपडे शिवण्याचे दुकान आहे, त्याने स्वतः फॅशन डिझाइनची पदविका घेतली आहे आणि आता दुकानातल्या जुन्या कटिंग मास्टरच्या टेबलाशी पाच वर्षे उभे राहावे की थेट स्वतःच्या धाटणीचे कपडे बाजारात आणावेत, हे त्याला ठरवता येत नाही. लंडनच्या टॉमी नटर यांच्याविषयी त्याने वाचले आहे. नटर हे काही नावाजलेले कटर नव्हते, तरीही सॅव्हिल रो या शिंप्यांच्या जगप्रसिद्ध रस्त्याचे रूप त्यांनी पालटले. मग कटिंगमध्ये इतकी वर्षे घालवायची गरज काय, असा त्याचा प्रश्न आहे.

मी तीस वर्षांहून अधिक काळ पुण्यात कोट कापतो आहे आणि नटर यांच्या सूटांची छायाचित्रे मी त्या सगळ्या काळात पुन्हा पुन्हा पाहिली आहेत, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो. या प्रश्नातली माहिती खरी आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला चुकीचा वाटतो. नटर यांच्या कारकिर्दीचा सर्वांत उजळ काळ साधारण सात वर्षांचा आहे आणि त्या सातही वर्षांत त्यांच्या मागे एडवर्ड सेक्स्टन नावाचा विलक्षण कटर उभा होता. नटर यांनी काय पाहिले हे जितके महत्त्वाचे, तितकेच सेक्स्टन यांनी ते कापडावर कसे उतरवले हेही महत्त्वाचे आहे.

नटर यांचा जन्म १७ एप्रिल १९४३ रोजी वेल्समधील बारमथ येथे झाला आणि ते वाढले लंडनच्या एजवेअर भागात, जिथे त्यांचे वडील एक साधे उपाहारगृह चालवत असत. घरात शिवणकामाची परंपरा नव्हती. विल्सडेनच्या तंत्रशाळेत त्यांनी आधी प्लंबिंगचे आणि मग वास्तुरचनेचे शिक्षण घेतले, दोन्ही सोडले आणि एकोणिसाव्या वर्षी 'टेलर अँड कटर' अकादमीत शिवणशास्त्र शिकायला गेले. तिथून ते डोनाल्डसन, विल्यम्स अँड वॉर्ड या जुन्या वळणाच्या दुकानात लागले आणि सुमारे सात वर्षे तिथेच राहिले. प्रश्न विचारणाऱ्या मित्राने हा तपशील नीट लक्षात घ्यावा. नटर कात्री चालवून पोट भरत नव्हते हे खरे, पण माप कसे घेतात, कच्चा कोट अंगावर चढवल्यावर कुठे पाहायचे, गिऱ्हाईक 'खांदा टोचतो' म्हणते तेव्हा दोष खांद्यात असतो की मुंढ्यात, म्हणजे बाही जोडायच्या खाचेत, हे सात वर्षे रोज पाहिलेला माणूस अडाणी राहत नाही. दुकानाच्या पुढच्या बाजूला उभे राहून त्यांनी जे शिक्षण घेतले, ते पदविकेच्या वर्गात मिळत नाही.

त्या वेळचे सॅव्हिल रो कसे होते हे समजल्याशिवाय नटर यांच्या धाडसाचे मोल कळणार नाही. हेन्री पूल यांच्यापासून, म्हणजे १८४० च्या दशकापासून, हा रस्ता राजेरजवाडे, लष्करी अधिकारी आणि बड्या घराण्यांचे कपडे शिवत आला होता. दुकानांच्या खिडक्यांवर पडदे असत किंवा काचा धुरकट असत, आत काय चालले आहे ते रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसू नये अशीच रीत होती. नवे गिऱ्हाईक जुन्या गिऱ्हाइकाच्या ओळखीने येई. पुढच्या बाजूला विक्रेता आणि कटर, मागे किंवा तळघरात शिवणारे कारागीर, कोट शिवणारा वेगळा, पँट शिवणारा वेगळा, काजे-बटणे करणारा वेगळा, आणि बहुतेकांची मजुरी नगावर, अशी कामाची वाटणी होती. आपल्याकडच्या जुन्या दुकानांतही कामाची विभागणी थोडीफार अशीच होती, म्हणून मला ती परकी वाटत नाही. कामाचा दर्जा फार वरचा होता, पण धाटणी गोठलेली होती. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात फ्रेडरिक शोल्टे यांनी छातीवर किंचित सैल कापड सोडणारा मऊ कोट ड्यूक ऑफ विंडसर यांच्यासाठी घडवला, तो या रस्त्यावरचा त्याआधीचा मोठा बदल. दरम्यान लंडनचे तरुण कार्नबी स्ट्रीटवर तयार, भडक आणि स्वस्त कपडे घेऊ लागले होते. एकीकडे नवेपणा होता पण शिवण टिकाऊ नव्हती, दुसरीकडे शिवण उत्तम होती पण नवेपणाला दार बंद होते. नटर यांनी हे दोन्ही एका अंगावर आणायचे ठरवले.

सेक्स्टन यांच्याशी त्यांची गाठ डोनाल्डसनच्या दुकानातच पडली. सेक्स्टन नटरपेक्षा काही महिन्यांनीच मोठे होते. त्यांनी घोडेस्वारीचे कपडे शिवणाऱ्या हॅरी हॉल यांच्याकडे काम केले होते, किलगोर, फ्रेंच अँड स्टॅनबरीमध्ये कोट शिवायला शिकले होते आणि लष्करी गणवेशांसाठी नावाजलेल्या वेल्श अँड जेफ्रीजमध्येही राहिले होते. हा क्रम मी मुद्दाम सांगतो आहे. घोड्यावर बसणाऱ्याचा कोट कमरेत घट्ट आणि खाली लांब, घेरदार असावा लागतो. गणवेशाचा खांदा ठाम आणि छाती भरदार असते. पुढे 'नटरचा सूट' म्हणून जो प्रसिद्ध झाला, त्याचे बहुतेक अवयव सेक्स्टन यांच्या हातात आधीपासून होते. ते तरुण गायकाच्या अंगावर, झगमगत्या कापडात एकत्र आणता येतील, हे मात्र नटर यांना दिसले.

१४ फेब्रुवारी १९६९ रोजी ३५ ए, सॅव्हिल रो येथे 'नटर्स' हे दुकान उघडले. नटर तेव्हा पंचवीस वर्षांचे होते, सेक्स्टन सव्वीस वर्षांचे. भांडवल देणाऱ्यांत गायिका सिला ब्लॅक, त्यांचे पती बॉबी विलिस आणि बीटल्सच्या ॲपल कंपनीतले पीटर ब्राउन होते. ॲपलचे कार्यालय त्याच रस्त्यावर ३ क्रमांकाच्या इमारतीत होते आणि जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी, ३० जानेवारीला, बीटल्सने तिच्या गच्चीवर वाजवून सगळा रस्ता थांबवला होता. म्हणजे गिऱ्हाईक शेजारीच होते. दुकानाच्या खिडक्या मात्र नटर यांनी उघड्या ठेवल्या, आणि या रस्त्यावर तेच मोठे बंड होते. पुढे दुकानांच्या खिडक्या सजवणाऱ्या सायमन डूनन यांनी त्या खिडक्यांत कचऱ्याचे डबे आणि भुसा भरलेले उंदीर मांडून सजावट केली. दुकान काय आहे हे आत न येताच कळावे आणि आत यायला कोणाची ओळख लागू नये, हा त्यामागचा विचार मला कापडाच्या नवेपणाइतकाच मोठा वाटतो.

आता प्रत्यक्ष कोटाविषयी. छायाचित्रात त्या सूटाची लेपल, म्हणजे कॉलरखाली छातीवर उलटलेली पट्टी, प्रथम डोळ्यांत भरते, कारण ती रुंद आहे आणि तिचे टोक खांद्याकडे झेपावते. पाहणाऱ्याला वाटते की नेहमीची लेपल दीड-दोन इंच वाढवली की झाले. मलाही एके काळी तसेच वाटले होते. धंद्यात उतरून पाच-सहा वर्षे झाली असताना एका नवरदेवासाठी मी पाच इंची लेपलचा कोट केला, पण छाती नेहमीप्रमाणे फ्यूजिंगची, म्हणजे इस्त्रीने चिकटवलेल्या अस्तराची ठेवली. ट्रायलला कोट देखणा दिसला. लग्न पावसाळ्याच्या तोंडावर होते, हवा दमट होती, आणि मांडवात तासाभरात लेपल पुठ्ठ्यासारखी पुढे उभी राहिली. पहिल्या ड्रायक्लीननंतर तिच्यावर फुगेही आले. तो कोट मी स्वतःच्या खर्चाने पुन्हा केला आणि तेव्हा मला कळले की रुंद लेपल म्हणजे छातीच्या आतल्या सगळ्या बांधणीचा प्रश्न आहे.

लेपल छातीवर गुबगुबीत वळण घेऊन टेकावी, दुमडल्यासारखी चपटी दिसू नये, यासाठी तिच्या आत कॅनव्हास लागतो, छातीवर घोड्याच्या केसांचे ताठ कापड लागते, आणि हे थर वरच्या कापडाला शेकडो बारीक तिरप्या टाक्यांनी हाताने जोडावे लागतात. हे टाके घालताना कारागीर लेपल बोटावर वळवून धरतो, त्यामुळे आतला थर बाहेरच्यापेक्षा किंचित आखूड राहतो आणि ते वळण कापडात कायमचे बसते. लेपल जितकी रुंद, तितकी तिची ओढ जास्त, आणि तितकी छातीची बांधणी मजबूत हवी. लेपल रुंद केली की खांदाही अरुंद दिसू लागतो, म्हणून खांदा थोडा बाहेर न्यावा लागतो. खांदा बाहेर गेला की बाहीचा माथा बसलेला दिसतो, म्हणून सेक्स्टन तो दोरी घातल्यासारखा उठावदार ठेवत. असा माथा हवा असेल तर बाही मुंढ्याच्या मापापेक्षा मोठी कापावी लागते आणि ते जादा कापड एकही चुणी न पडू देता हाताने आणि वाफेने जिरवावे लागते. नवशिक्याच्या हातून इथेच कोट बिघडतो.

मुंढा वर आणि लहान कापण्याविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहे. काखेत मोकळे असले की आराम मिळतो, असे समजून मुंढा खोल कापला जातो आणि मग हात उचलला की अख्खा कोट गळ्यापर्यंत वर येतो. मुंढा काखेजवळ असला तर हात स्वतंत्रपणे हलतो आणि कोट जागेवर राहतो. सेक्स्टन यांच्या कोटात छातीपासून कमरेपर्यंतची रेघ इतकी स्वच्छ उतरते, त्याचे एक कारण हा उंच मुंढा आहे. कमरेपाशी डार्ट, म्हणजे आत दुमडून शिवलेली निमुळती चुणी, आणि बगलेच्या पट्टीतून कापड आत घेतलेले असते, पण सगळे काम शिवणीवर सोडलेले नसते. लोकरीचे कापड वाफेखाली एका जागी ताणता येते आणि दुसऱ्या जागी आकसवता येते, त्यामुळे इस्त्रीवाल्याच्या हातालाही इथे कटरइतकाच मान द्यावा लागतो. कमरेखाली कोट लांब ठेवून घेर बाहेर सोडलेला असतो. जुन्या अंगरख्याचा घेर ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या रेषेतला डौल समजावून सांगावा लागणार नाही. त्याखाली मांडीपासून मोहरीपर्यंत रुंद, सरळ पँट, म्हणजे वरचा घेर अधांतरी राहत नाही.

कापडांच्या बाबतीत नटर यांची नजर फार पुढची होती. एकाच कोटात लहान आणि मोठ्या चौकड्या एकत्र आणणे, लेपलच्या कडेला गोट लावणे, गावाकडे घालायचे जाड ट्वीड संध्याकाळच्या समारंभाच्या धाटणीत कापणे, या गोष्टी सॅव्हिल रोवर कोणी करत नव्हते. पण चौकडी गंमत म्हणून लावता येत नाही. पुढच्या दोन बाजू, खिशाची झाकणे, पाठीची शिवण, कॉलर आणि छातीच्या रेषेत येणारी बाही, या सर्व ठिकाणी रेघ जुळावी लागते. साध्या कापडाचा टू-पीस सूट सव्वातीन मीटरच्या आसपास बसतो, तर मोठ्या चौकडीला अर्धा मीटर तरी जास्त धरावे लागते, आणि कात्री लावण्यापूर्वी खडूने आखण्यातच निम्मा दिवस जातो. दोन मापांच्या चौकड्या एका कोटात घ्यायच्या तर हा हिशेब दुप्पट होतो. पोत, रंग आणि रेघ यांचा मेळ दिसायला बिनधास्त वाटतो, पण टेबलावर तो काटेकोर गणित असतो.

गिऱ्हाईक लवकर आले आणि मोठे आले. ८ ऑगस्ट १९६९ रोजी लंडनच्या ॲबी रोडवर रस्ता ओलांडणाऱ्या बीटल्सचे जे छायाचित्र घेतले गेले, त्यात जॉर्ज हॅरिसन डेनिममध्ये आहेत, आणि उरलेल्या तिघांचे कपडे आपण केले याचा नटर यांना सर्वांत जास्त अभिमान होता. १९७१ मध्ये रोलिंग स्टोन्सचे गायक मिक जॅगर त्यांच्या सूटमध्ये बोहल्यावर चढले. एल्टन जॉन गिऱ्हाईक होते. मिक यांची पत्नी बियांका जॅगर आणि मॉडेल ट्विगी यांनी पुरुषी धाटणीचे सूट घातले आणि पुरुषांच्या कात्रीने स्त्रियांसाठी केलेले ते काम आजही ताजे दिसते. त्याच दुकानात नेमस्त, जुन्या वळणाची माणसेही येत, कारण शिवण त्यांच्या परिचयाच्या दर्जाची होती. या शेवटच्या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही, पण दुकानाचे भाडे अशाच गिऱ्हाइकांवर निघते.

तरीही १९७६ मध्ये ही जोडी तुटली. सेक्स्टन यांनी नटर यांचा हिस्सा घेतला आणि स्वतःचे नाव देऊन बनवलेल्या दुकानातून नटर बाहेर पडले. त्या काळातला ब्रिटन आठवावा. १९७३ च्या तेलसंकटानंतर महागाई भडकली आणि १९७५ मध्ये ती वीस टक्क्यांच्या वर गेली. हाताने शिवलेल्या सूटाला आजच्या सॅव्हिल रोच्या मापाने किमान पन्नास तासांचे हातकाम लागते. मजुरी दर आठवड्याला द्यावी लागते, कापडाचे पैसे आधी जातात आणि गिऱ्हाइकाचे पैसे तिसऱ्या ट्रायलनंतर, कधी कधी त्यानंतरही बऱ्याच दिवसांनी येतात. महागाईच्या वर्षात असा धंदा आपोआप तोट्यात जातो, आणि तोटा आला की नजर मोठी की कात्री मोठी हा वाद कोणत्याही भागीदारीत उभा राहतो. माझ्या मते या धंद्यात दोघांपैकी एकानेही दुसऱ्याशिवाय तीच उंची पुन्हा गाठली नाही, जरी दोघांनीही पुढे चांगले काम केले. सेक्स्टन यांनी दीर्घकाळ काम केले, फॅशन डिझायनर स्टेला मॅकार्टनी यांना शिवणकाम शिकवले आणि २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले.

नटर किलगोर, फ्रेंच अँड स्टॅनबरीमध्ये गेले, म्हणजे ज्या दुकानात सेक्स्टन एके काळी शिकले तिथेच. पुढे क्रॉम्बी कंपनीच्या पाठबळावर त्यांनी १९, सॅव्हिल रो येथे पुन्हा स्वतःच्या नावाचे दुकान काढले, ज्यात मापाच्या कामाबरोबर तयार कपडेही होते. १९८९ च्या 'बॅटमॅन' चित्रपटात जॅक निकल्सन यांनी जोकर म्हणून घातलेले कपडे त्यांच्या हातून गेले. तो जांभळा कोट नीट पाहिला तर वीस वर्षांपूर्वीचा रुंद खांदा आणि घट्ट कंबर त्यात पुन्हा दिसते. १७ ऑगस्ट १९९२ रोजी एड्सशी संबंधित आजाराने, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. ते समलिंगी होते, आणि इंग्लंडमध्ये तसे जगणे १९६७ पर्यंत गुन्हा होते. १९६९ साली खिडकी उघडी ठेवणाऱ्या माणसाच्या मनात हेही असेल, असे मला नेहमी वाटते.

त्यांच्या हाताखालून जे गेले, त्यांनी पुढचा काळ घडवला. पुढे नामवंत फॅशन डिझायनर झालेले जॉन गॅलियानो विद्यार्थी असताना त्यांच्याकडे काम करत होते. टिमोथी एव्हरेस्ट त्यांच्याकडे उमेदवारी करून पुढे स्वतंत्र झाले, आणि २०११ मध्ये लंडनच्या फॅशन अँड टेक्स्टाइल म्युझियममध्ये नटर यांच्या कामाचे प्रदर्शन भरले तेव्हा त्याच्या मांडणीत एव्हरेस्ट यांचा सहभाग होता. नटर गेले त्याच वर्षी रिचर्ड जेम्स यांनी सॅव्हिल रोवर दुकान उघडले, आणि या वेळी उजळ रंगांचे किंवा उघड्या काचांचे कोणाला फारसे नवल वाटले नाही.

म्हणून कोल्हापूरच्या मित्रास माझे सांगणे असे. तुमच्याकडे नजर असेल तर ती टेबलापाशी उभे राहिल्याने मरत नाही. नटर यांची सात वर्षांत मेली नाही. स्वतः कटर व्हायचेच असा आग्रह धरू नका. वडिलांच्या दुकानातले मास्टर हे तुमचे सेक्स्टन होऊ शकतात का, ते आधी पाहा, आणि होऊ शकत असतील तर त्यांना पगारावर न ठेवता नफ्यात वाटा देण्याचा कागद पहिल्याच वर्षी करा, कारण नाव एकाचे आणि हात दुसऱ्याचा असलेल्या दुकानात हा प्रश्न उशिरा काढला की फार महागात पडतो.

सुरुवात एका कोटाने करा. तुमच्या मनातल्या धाटणीचे चित्र मास्टरांपुढे ठेवा आणि स्वस्त मांजरपाटात तो कोट कापायला सांगा. ते 'हे बसणार नाही' म्हणतील तेव्हा वाद घालू नका, नेमके कुठे बसणार नाही ते खडूने दाखवायला सांगा. कच्च्या टाक्यांवर तो स्वतःच्या अंगात घाला, हात वर करा, खुर्चीवर बसा, खाली वाकून चपलेचा पट्टा लावा. मग तो सगळा उसवून पुन्हा कापा. तिसऱ्यांदा कापताना मास्टर न विचारता स्वतःहून मुंढा वर घेतील किंवा लेपलचे टोक अर्धा इंच हलवतील, तेव्हा लोकरीचे कापड आणायला हरकत नाही.